शिरीषदादाची न घेतलेली बोट

शनिवारी सकाळी माधुरीवहिनीचा फोन यायचा तो एकच निरोप घेऊन : "शिरीष निघालाय गं, तयार राहा." गाडी चालवताना शिरीषदादा फोनला हात लावत नसे, म्हणून ऑकलंडच्या दक्षिणेच्या पापाकुराहून तो निघाला की वहिनी मला पश्चिमेकडच्या हेन्डरसनला कळवायची आणि मी टोपी, जॅकेट, रबरी तळव्यांचे बूट असा जामानिमा करून दारात उभी राहायची. त्या शनिवारीही फोन वाजला तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते. वहिनी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "हो हो, तयार आहे. त्याला म्हणावं, या वेळी वाटेत पाय मोकळे करायला थांबू नकोस." मग वहिनी म्हणाली, "तो निघाला नाही, वैजू... शिरीष गेला गं."

गॅरेजमध्ये गाडीच्या डिकीत जॅकेट ठेवता ठेवता तो खाली बसला आणि उठलाच नाही. अँब्युलन्स लगेच आली, त्यांनी करायचं ते सगळं केलं. जून महिना, इथला ऐन हिवाळा. असल्या गारठ्यात आम्ही उत्तरेला फांगारेपर्यंत जाणार होतो, एक वापरलेली शिडाची बोट बघायला. सात वर्षं आम्ही अशा बोटी बघत हिंडलो. एकही घेतली नाही. दादाला जाऊन आता काही आठवडे झालेत, आणि शनिवार आला की मला त्याचा रागच येतो आधी, रडू नंतर येतं.

शिरीषदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी नवऱ्यामागून ऑकलंडला आले तेव्हा तो आणि वहिनी इथे रुळले होते, आणि आमचं पहिलं बस्तान त्यांच्याच घरी होतं. पेशानं तो स्ट्रक्चरल इंजिनियर. पूल, पाण्याच्या टाक्या, डोंगर अडवणाऱ्या भिंती हे त्याचं काम, आणि स्वभावही तसाच, भार किती येईल ते पाहिल्याशिवाय पाऊल न टाकणारा. साधा फ्रीज घ्यायचा तरी दुकानातल्या माणसाला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारायचा. असा माणूस शिडाच्या बोटीच्या नादी लागेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण २०११मध्ये ऑफिसमधल्या एकानं त्याला स्वतःच्या बोटीतून वायहेके बेटावर नेलं, आणि तिथून आला तो भारावूनच. आमच्याकडे दोघं जेवायला आले होते, ताटातला भात गार होत चालला होता. "वैजू," तो म्हणाला, "बाहेर पडल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि बोट चालतच राहिली." यात सांगण्यासारखं काय ते मला कळेना. शिडाची बोट वाऱ्यावर चालणार नाही तर कशावर चालणार? पण त्याला ते पुन्हा पुन्हा सांगायचं होतं. त्याच जेवणावर त्यानं बेतही सांगून टाकला. दोन माणसांना नीट राहता येईल अशी जुनी, भक्कम बोट घ्यायची, जरा लवकर निवृत्त व्हायचं, वर्षभर इथल्या किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं आणि मग टोंगाच्या बेटांकडे निघायचं. दोन माणसं म्हणजे तो आणि वहिनी. वहिनी समोर ताक पीत बसली होती. ती म्हणाली, "मला तर डेव्हनपोर्टच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळतं." आम्ही सगळे हसलो. दादा मात्र हसला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याचा मला फोन. "तू एनसीसीत नेव्हीला होतीस ना? तुला शिडातलं कळतं. तू चल माझ्याबरोबर." कॉलेजात असताना मी दोन वर्षं शिडाची छोटी होडी चालवली होती, आणि त्यात दोनदा पाण्यात पडले होते. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याची आठवण ठेवून मला जाणकार ठरवतंय म्हटल्यावर मी फुगले. नवऱ्यानं कौतुकानं चांगलं महागाचं जॅकेट आणून दिलं. मग आमचे शनिवार सुरू झाले.

बोट बघण्याचा आमचा कार्यक्रम म्हणजे थेट मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. आधी फोटो यायचे, तेही चांगल्या बाजूनं काढलेले. मग दादा फोनवर घराण्याची चौकशी करायचा. कुठल्या यार्डात बांधली, आधीचे मालक कोण, कधी खडकाला घासली होती का, इंजिन मूळचंच की बदललेलं. मग प्रत्यक्ष भेट. आम्ही धक्क्यावरच बूट काढायला लागलो की ब्रोकर म्हणायचा, "नो वरीज, बूट राहू देत," पण दादा ते काढायचाच, दुसऱ्याचं घर ते. कॉफी व्हायची, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, आणि निघताना दादा हात जोडल्यासारखे करून म्हणायचा, "आम्ही कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. इथल्या सरळ माणसांना ते खरं वाटायचं. ते बिचारे आठवड्यानं फोन करायचे, मग दादा काकुळतीला येऊन फोन माझ्याकडे द्यायचा. नकार कळवण्याचं काम माझं. परत येताना कुठल्यातरी समुद्रकाठच्या बाकावर बसून वहिनीनं दिलेला डबा खायचा, पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, आणि बोटीच्या खोड्या काढायच्या. हिच्या तळात पाण्याचा वास येतो. तिच्या डोलकाठीची तार गंजलीय. त्या हिरवीच्या शिडाला ठिगळं आहेत. आम्ही कुणालाच पास करत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती.

प्रत्येक बोटीवर एक गोष्ट मात्र ठरलेली. बाहेरून सगळं बघून झालं की दादा म्हणायचा, "वैजू, जरा खाली उतर." मी शिडीनं केबिनमध्ये उतरायची. बोटीचं स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा असतो, दोन बर्नरची शेगडी, बेसिन, हातभर ओटा. "तिथे उभी राहा. वरच्या कपाटातला डबा काढ. हात पोचतो? आता शेगडीकडे वळ. खांदा उचलावा लागतोय का?" मग बंकवर, झोपायच्या अरुंद फळीवर, आडवी हो, उठून बस, डोकं आपटतं का बघ. दर वेळी टेप काढून मापं घ्यायचा. माझा समज असा, की जाणकार माणसाचं मत घेतलं जातंय, आणि मीही मान तिरकी करून मत द्यायची.

तो समज एका नोव्हेंबरात गेला. रंगीतोतो बेटाच्या पलीकडे एका बोटीची चाचणी होती. वारा अगदी हवा तसा, मालकानं सुकाणू माझ्या हातात दिलेलं, बोट एका बाजूला कलून सुरेख पाणी कापत होती. कॉलेजनंतर पहिल्यांदा मला आपल्याला काहीतरी येतं असं वाटत होतं. आणि खालून दादाची हाक, "वैजू, खाली ये. बोट कललीय तोवर ओट्यापाशी उभी राहून दाखव." माझं डोकंच फिरलं. मी वरूनच ओरडले, "दादा, मला शिडातलं कळतं म्हणून आणलंस ना? मग सारखं स्वयंपाकघरात काय उभं करतोस? तूच राहा ना उभा." तो शिडीच्या तोंडाशी आला, वर बघत अगदी साधेपणानं म्हणाला, "मी उभा राहून काय उपयोग? तुझी आणि माधुरीची उंची एकच आहे."

मालकाला मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून तो दुसरीकडे बघायला लागला. एनसीसी गेली खड्ड्यात. इतकी वर्षं मी मापाची बाहुली म्हणून हिंडत होते. परतीच्या वाटेवर न राहवून विचारलं, "अरे, मग तिलाच का नाही आणत?" तो म्हणाला, "आधी बोट नक्की होऊ दे. तिला अर्धवट काही दाखवलं तर ती नाही म्हणेल. आणि माधुरी एकदा नाही म्हणाली की विषय संपला." मी म्हटलं, "ती अजून नाही म्हणालेली नाहीये." "फेरीबोटीतसुद्धा मळमळतं म्हणाली ना," तो म्हणाला. "मळमळ माझ्या हातात नाही. पण बाकी सगळं असं पाहिजे की तिला कुठे अडायला नको. मग एकदाच नेऊन दाखवायची." ऑफिसमध्येही तो असाच. ड्रॉइंग शेवटच्या रेघेपर्यंत पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही. तिथे त्याचं त्यासाठी नाव होतं. हे मी वहिनीला सांगावं असं तेव्हाही मला वाटलं नाही. सांगायचं तर त्यानं सांगायचं, ते नवराबायकोचं होतं.

तशी बोट पुढे एकदा मिळालीही होती. २०१६च्या सप्टेंबरात, माहुरांगीच्या खाडीत. मी तापानं पडले होते म्हणून दादा एकटाच गेला, आणि तिथूनच त्याचा फोन आला, आवाजावरूनच मी ओळखलं की हा पुरता पाघळलाय. छत्तीस फुटी, तीस वर्षांची, पण ठेवलेली अशी की बघत राहावं. मालक ग्रॅहम नावाचा म्हातारा. आतलं सगळं सुतारकाम त्यानं स्वतः केलेलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, आता एकट्याला ती बोट झेपत नव्हती. "घे मग," मी म्हटलं. तर म्हणाला, "पितृपक्ष लागलाय." आता दादाचा असल्या गोष्टींवर कवडीचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, "अरे, नवं घेऊ नये म्हणतात. तीस वर्षांच्या जुन्या बोटीला कसला पितृपक्ष?" तो म्हणाला, "मला चालेल गं. पण माधुरी पाळते. पितृपक्षात घेतली हे तिला कळलं तर पहिल्या वादळात ती तेच म्हणेल. मला तेवढीही फट नकोय."

मग त्यानं ग्रॅहमकडे मुदत मागितली. हा संवाद त्यानं मला इतक्यांदा सांगितला की मी तिथे होते असंच मला वाटतं. "आमच्याकडे हा पंधरवडा गेलेल्या माणसांचा असतो," दादा म्हणाला, "या दिवसांत काही घेत नाहीत. तो संपेपर्यंत थांबाल का?" ग्रॅहमनं विचारलं, "तुमचं कोण गेलं?" "सगळेच. वडील, आजोबा, त्यांचे वडील... सगळ्यांचा मिळून एक पंधरवडा." म्हाताऱ्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. थोडा वेळ खाडीकडे बघून म्हणाला, "माझी बायको त्यात धरली तर चालेल?" दादा म्हणाला, "चालेल." "स्वीट अ‍ॅज," ग्रॅहमनं इथल्या बोलीत होकार दिला, "थांबतो मी." आणि तो खरंच थांबला. दुसरं गिऱ्हाईक आलं त्याला परत पाठवलं. सर्वपित्रीला वहिनीनं जी पानं वाढली त्यात एक पान ग्रॅहमच्या बायकोचं होतं. वहिनीला ते ठाऊक नव्हतं. ओळखीतल्या एकाची बायको, एवढंच दादानं तिला सांगितलं होतं, आणि तिनं कोण, कुठली न विचारता वाढलं होतं.

घटस्थापना झाल्यावरच्या शनिवारी आम्ही चाचणीला गेलो. मला वाटलं होतं, या वेळी वहिनी गाडीत असेल. नव्हती. "आज सगळं बघून घेऊ, पुढच्या शनिवारी तिला आणू," दादा म्हणाला. बोट अशी चालली की माझ्यासारख्या नावं ठेवणारीलाही काही सापडेना. इंजिन बंद केल्यावर दादा डोलकाठीला टेकून डोळे मिटून उभा राहिला. मग ती हाक आलीच. मी खाली उतरले, ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला लगेच कळलं. ओटा उंच होता. पोळी लाटायची तर दोन्ही खांदे वर उचलावे लागले असते. दादानं टेप लावला. तीन इंच. पहिल्या भेटीत त्यानं माप घेतलं नव्हतं. टेप गाडीत राहिला होता म्हणाला. तो राहिला होता की त्यानं ठेवला होता, कोण जाणे.

मला ते काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, "कापून घे की. तुला काय अवघड आहे?" तेवढ्यात ग्रॅहम शिडीवरून वाकून बघायला लागला. आम्ही काय मोजतोय ते त्याच्या लक्षात आलं. "माझी बायको उंच होती," तो म्हणाला. "आधीचा ओटा खाली होता, तिची पाठ दुखायची. मी सगळा उखडून तिच्या मापानं नवा केला." त्यानं ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. कड हातानं घासून गुळगुळीत झालेली होती, तिथे त्याची बायको टेकून उभी राहत असणार. दादानं टेप मिटून खिशात घातला.

धक्क्यावर येऊन तो ग्रॅहमला "कळवतो" म्हणाला नाही. पहिल्यांदाच त्यानं नकार स्वतः दिला, समोरासमोर, हात हातात धरून. ग्रॅहमला राग आला नाही, वाईट वाटलं. गाडीत मी दादाला नको नको ते बोलले. बोट विकत घेतली की ती तुझी, त्यातला ओटा तुझा, म्हाताऱ्याला कोण सांगायला जातंय? दादा म्हणाला, "त्या माणसानं तो बायकोच्या मापानं केलाय. त्यावर मी करवत चालवू?" मी म्हटलं, "मग तसाच राहू दे." "आणि माधुरीनं खांदे वर करून जन्म काढायचा?" त्या दिवशी डबा तसाच परत गेला. ग्रॅहमची बोट महिनाभरात नेल्सनकडच्या कुणी घेतली असं पुढे कळलं.

त्यानंतरही आम्ही जात होतो, पण दादाचं लक्ष उडालं होतं. प्रत्येक बोटीत तो माहुरांगीची बोट शोधायचा. दरम्यान गुडघे कुरकुरायला लागले, शिडीवरून उतरताना तो कठडा धरू लागला. निवृत्ती पुढच्या वर्षावर, मग त्याच्या पुढच्या वर्षावर गेली. घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की याला बोट घ्यायची नाहीच, नुसत्या बघायच्या आहेत. त्याची मुलगी ईशा, इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीत देते, अंत्यसंस्काराच्या वेळी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, बाबा जस्ट लव्ह्ड लुकिंग अ‍ॅट बोट्स." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दिवसपाणी झालं, ईशा वेलिंग्टनला परत गेली. मग मला फांगारेच्या ब्रोकरचा फोन आला. त्या शनिवारी तुम्ही का नाही आलात, बोट अजून आहे, असं तो सांगत होता. मी झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "ओट्याची जमिनीपासूनची उंची मोजायला लावली होती त्यांनी मला. अशी उंची आजवर कुणी विचारली नव्हती." मी विचारलं, किती भरली? त्यानं सांगितलं. ती बरोबर होती. माझ्या मापाची, म्हणजे वहिनीच्या.

आता मात्र ते माझ्या पोटात राहीना. त्या रविवारी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून वहिनीचं वाणसामान घेतलं आणि पापाकुराला गेले. वहिनी चहा टाकत होती. तिच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं, मापं, बंक, रंगीतोतो, पितृपक्षातलं ते पान, ग्रॅहमचा ओटा, फांगारेचा फोन. ती वळली नाही. आलं किसत राहिली, मग किसणंही थांबलं.

"तीन इंचांसाठी?" ती म्हणाली.

"हो."

"मला एकदा न्यायचं तरी..." तिनं किसणी बाजूला ठेवली. "मला वाटायचं, तुम्हा दोघांना त्यातलं कळतं. मी कशाला मध्ये? तो कधी चल म्हणाला नाही, मग मीही विचारलं नाही."

"तू आली असतीस?"

"उलट्या झाल्या असत्या मला. पण आले असते गं. शनिवारी घरात बसून मी तरी काय करत होते?"

मग ती ओट्यापासून मागे सरली आणि एकदम बुटकी झाली. ती पाटावर उभी होती. हा पाट मी या घरात आल्यापासून बघतेय, कितीदा अडखळून त्याच्यावर चिडलेही आहे. जाड लाकडाचा, कडा गोल केलेल्या, सरकू नये म्हणून खाली रबर लावलेला. वहिनी त्याच्याकडे बघत होती.

"हे घर घेतलं तेव्हा इथला ओटा मला उंच पडायचा," ती म्हणाली. "नवीन किचन करण्याइतकी आमची ऐपत नव्हती तेव्हा. शिरीषला फार लागलं ते. त्यानं बसून हा केला. म्हणाला, आत्ता यावर भागव, पुढच्या वेळी तुझ्या मापाचं."

चहाला उकळी आली होती. वहिनी पुन्हा पाटावर चढली, गॅस बारीक केला आणि पाठमोरीच म्हणाली,

"मला वाटलं, पुढचं घर म्हणतोय."